एकतीस नंबरच्या रस्त्यावरची मोजणी

मंगळवार, १४ मे, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. ड्वेन कुचेराने पहिली फेरी संपवून ग्रेडर, म्हणजे खडीचा रस्ता सारखा करायचं यंत्र, वळवला आणि पातं पुन्हा एकतीस नंबरच्या रस्त्यावर टेकवलं. आदल्या संध्याकाळी पाव इंच पाऊस झाला होता. ग्रेडरवाल्याला हवा असतो तो एवढाच. कोरड्या रस्त्यावर पातं फिरवलं की नुसती धूळ उडते, फार ओल्यावर फिरवलं की चिखल गोळा होतो. ओल बोटभर खाली गेलेली असली म्हणजे खडी आणि माती एकमेकांना धरतात. ड्वेनने दोन्ही कडांना गेलेली खडी मध्ये ओढली, पत्र्याच्या पन्हाळीसारख्या आडव्या वळ्या खरवडून काढल्या आणि पाणी दोन्हीकडच्या चरांत उतरेल असा मधोमध चार इंचांचा उंचवटा ठेवला. रस्ता पाच मैलांचा. एरवी तो तीन फेऱ्यांत सोडतो. त्या दिवशी सहा मारल्या.

कारण त्याच दुपारी रस्त्यावर गाड्या मोजणारी नळी पडणार होती आणि त्या आठवड्यात रस्ता उत्तम दिसावा असं त्याला वाटत होतं.

लॅथ्रप काउंटीत खडीचे रस्ते सहाशे चाळीस मैल आहेत आणि ग्रेडर दोन. ड्वेन नोकरीला लागला तेव्हा पाच होते. फेब्रुवारीत काउंटीच्या तिघा सभासदांच्या मंडळाने ठराव केला: ज्या रस्त्यावरून सात दिवसांच्या मोजणीत दिवसाला सरासरी बारा गाड्या जाणार नाहीत, तो शेवटच्या वर्गात. शेवटच्या वर्गाच्या रस्त्याला खडी मिळत नाही. ग्रेडर वर्षातून एकदा जातो. हिवाळ्यात बर्फ काढलं जात नाही आणि टपालगाडी आत शिरत नाही. दोन्ही टोकांना पिवळा फलक लागतो, 'स्वतःच्या जबाबदारीवर जा'.

एकतीस नंबरवर आता एकच राहतं घर आहे. त्यात आर्डिस थॉमसेन राहतात, वय त्र्याऐंशी, एकट्या. ओमाहात असलेल्या मुलीने त्यांना हिवाळ्यातच सांगून ठेवलं होतं की रस्ता गेला तर घरही सोडायचं. वृद्धाश्रमातली खोलीही तिने बघून ठेवली होती. थॉमसेन बाई 'बरं' म्हणाल्या होत्या. एकदा 'बरं' म्हटलेलं त्या मागे घेत नाहीत. म्हणजे घर राहणार की जाणार, हे बारा या आकड्यावर आलं होतं.

ड्वेनला आकड्याची धास्ती नव्हती. रोज सकाळी रस्त्यावर चाकांचे कोणते ठसे आहेत हे त्याला न बघता सांगता येतं. उत्तरेकडची चार कुटुंबं थॅकर गावाला यायला हाच रस्ता धरतात. त्यांच्या गाड्या, गुरांच्या खाद्याचे ट्रक, टपालगाडी. "तीसच्या खाली येत नाही," त्याने काउंटीच्या कार्यालयात जोलीन पेशेकला सांगितलं होतं. जोलीन तिथली कारकून. मतदारयादी, जमिनींचे नकाशे आणि मंडळाचं इतिवृत्त तिच्याकडे असतं.

नऊच्या सुमाराला बाई टपालपेटीपाशी येऊन उभ्या राहिल्या. ड्वेनने इंजिन मंद केलं आणि दार उघडलं.

"चार झाल्या ना रे?"

"मोजताय होय बाई?"

"दुसरं काय काम आहे मला? शाळेत एवढी मेहनत केली असतीस तर आज मंडळात बसला असतास."

"मंडळात बसायला मेहनत लागते हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"ते मी ऐकलं नाही. तुझा उंचवटा डावीकडे कलतोय."

"कुठे कलतोय?"

"मला खिडकीतून दिसतोय."

ड्वेन खाली उतरला, रस्त्यावर आडवा झाला आणि एक डोळा मिटून बघितलं. कलत नव्हता. उठून पाहतो तर बाई घराकडे निघाल्या होत्या.

साठी गाठलेला ड्वेन त्यांना अजून बाईच म्हणतो. एकतीस नंबरची शाळा या रस्त्याच्या दुसऱ्या मैलावर होती. इथल्या रस्त्यांचे नंबर शाळांवरूनच पडले आहेत. एक खोली, एक शेगडी, आठ इयत्ता आणि एक शिक्षिका. थॉमसेन बाईंनी तिथे तेरा वर्षं शिकवलं. १९७४ साली शाळा बंद झाली तेव्हा सगळ्या इयत्ता मिळून सहा मुलं होती आणि त्यांतला एक ड्वेन होता.

काउंटी सातशे वीस चौरस मैलांची आहे. नकाशावर ती चौकटीच्या वहीसारखी दिसते, दर मैलाला आडवा रस्ता आणि दर मैलाला उभा. इथल्या मूळच्या लकोटा लोकांना हाकलून दिल्यावर सरकारी मोजणीदारांनी साखळ्या टाकून हे चौकोन आखले. ते आखताना टेकडी, ओढा काहीच बघितलं नाही. मात्र पृथ्वी गोल आणि चौकोन सरळ, त्यामुळे उत्तरेकडे जाताना रेघा जुळेनाशा झाल्या. त्या जुळवायला काही ठिकाणी रस्ता मध्येच तोडून तीनशे फूट डावीकडे सरकवला आहे. बाईंचं घर अशाच एका तुटीपाशी आहे. परक्या गाड्या वर्षातून दोनदा तरी सरळ त्यांच्या कुंपणात जातात.

१९०४ च्या कायद्याने माणशी सहाशे चाळीस एकर जमीन मिळू लागली, तेव्हा डेन्मार्कचे आणि बोहेमियाचे लोक आले. १९२० मध्ये काउंटीत तीन हजार नऊशे चाळीस माणसं होती आणि एक्केचाळीस शाळा. मग दुष्काळाची, धुळीच्या वादळांची वर्षं आली, मग मोठी यंत्रं आली, मग एकेका शेतकऱ्याकडे पूर्वीच्या वीस जणांची जमीन आली. २०२० च्या जनगणनेत तीनशे अठ्ठ्याऐंशी. जोलीन तिच्या टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी ठेवते, कुणी मेलं, जन्मलं किंवा निघून गेलं की पेन्सिलने आकडा बदलते. त्या मे महिन्यात चिठ्ठीवर तीनशे एकाहत्तर होते. माणसं गेली तरी रस्ते तेवढेच राहिले.

मंगळवारी दुपारी एक वाजता बाहेरून आलेल्या माणसाने एकतीस नंबरवर काळी रबरी नळी आडवी ठोकली, कडेच्या खांबाला आकडे नोंदणारा डबा बांधला आणि तो पुढच्या रस्त्याला निघून गेला.

बुधवारी ड्वेन काउंटीच्या दुसऱ्या टोकाला होता. गुरुवारी पुन्हा पाऊस झाला, या वेळी अर्धा इंच. शुक्रवारी सकाळी तो आपल्या गाडीने एकतीस नंबरवर गेला. रस्ता त्याने सोडला होता तसाच होता, मधला उंचवटासुद्धा मोडला नव्हता. टपालगाडीचा एक ठसा आणि बाईंच्या जुन्या गाडीचा एक, बस्स. ड्वेन नळीपाशी थांबला. काय झालं ते त्याला लगेच कळलं. इथल्या कुणालाही कळलं असतं.

ताज्या ओल्या ग्रेडिंगवर इथे कुणी गाडी घालत नाही. तसा नियम कुठे लिहिलेला नाही. पण ओल्या रस्त्यावर एकदा चाकोरी पडली की ती वाळून दगड होते आणि ग्रेडरवाल्याचा दिवस वाया जातो. म्हणून माणसं रस्ता वाळून बसेपर्यंत एक मैल बाजूच्या रस्त्याने जातात. चौकटींच्या काउंटीत बाजूचा रस्ता नेहमीच असतो. जाणाऱ्याची चार मिनिटं जातात. जो असं करत नाही, त्याच्याशी चर्चमध्ये कुणी नीट बोलत नाही. इतर रस्त्यांच्या मोजणीच्या आधी ड्वेनने पातं लावलं नव्हतं. एकतीस नंबरला सहा फेऱ्या मारल्या होत्या.

कुणाला सांगायची सोय नव्हती. मार्चमध्ये सोळा नंबरवर एका पठ्ठ्याने आपला ट्रक दिवसभर नळीवरून मागेपुढे केला, तेव्हा मंडळाने ती मोजणी रद्द केली आणि रस्ता सरळ शेवटच्या वर्गात टाकला. गाड्या घाला असं कुणी कुणाला सांगितलं तरी तीच शिक्षा, असंही लिहून ठेवलं.

ड्वेनने डबा खांबाला घट्ट आहे ना ते बघितलं आणि आला तसाच परत गेला. साडेअकराला त्याने गाडीत बसून सँडविच खाल्लं.

रविवारी चर्चनंतर थॅकरच्या पेट्रोल पंपावर कॉफीला चौघे होते. त्यात केनी स्टॉफर होता. केनी उत्तरेकडच्या चार कुटुंबांपैकी एकाचा कर्ता आणि मंडळाचा सभासदही.

"ड्वेन, अरे काय रस्ता केलायस!" केनी म्हणाला. "बायकोला सांगून ठेवलंय, त्याला चाक लावलंस तर घरात घेणार नाही."

"मग काल घराबाहेर ती होती की तू?" दुसऱ्याने विचारलं.

"मी नेहमीच बाहेर असतो. पण खरंच, आठवडाभर एकोणतीसवरून जातोय आम्ही सगळे. चार मिनिटं जास्त लागतात, लागू देत. इतकं सुंदर काम कशाला बिघडवायचं?"

ड्वेनने कप खाली ठेवला. "केनी, तिथे मोजणी चालू आहे."

पंपावरची बाई कॉफी ओतता ओतता थांबली. केनीने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.

"हे तू बोललास आणि मी ऐकलं नाही," तो म्हणाला.

"बरं."

तोपर्यंत रस्ता वाळला होता. सोमवारी सकाळी त्या टेबलावरचे तिघेही एकतीस नंबरवरून जाऊ शकले असते आणि त्यांना कुणी दोष दिला नसता. पण आता त्यांनी ऐकलं होतं. ऐकल्यावर गेलं तर ती लबाडी झाली असती. मंगळवारी नळी उचलेपर्यंत ते एकोणतीस नंबरवरून येत-जात राहिले.

मंडळाची बैठक २८ मे रोजी सकाळी दहाला झाली. दहा रस्त्यांचे आकडे होते. रस्त्यांचा माणूस हजर लागतो म्हणून ड्वेन मागच्या खुर्चीवर होता. थॉमसेन बाई पुढच्या रांगेत बसल्या होत्या, कोट घालून.

"एकतीस नंबर," जोलीनने वाचलं. "सात दिवस, एकूण सतरा गाड्या. सरासरी दोन पूर्णांक चार."

सतरांपैकी सहा वेळा टपालगाडी, चार वेळा बाई स्वतः आणि दोन वेळा ड्वेन होता.

बाईंनी हात वर केला. "सतरा भागिले सात. दोन पूर्णांक तीन सप्तमांश."

"हो बाई. मी दशांशात सांगितलं."

"भागाकार बरोबर आहे." त्यांनी हात खाली घेतला.

ड्वेन उभा राहिला. "रस्ता ओला होता. मी त्याच दिवशी पातं फिरवलं होतं. लोक बाजूने गेले."

"उत्तम फिरवलं होतंस," केनी म्हणाला. त्याने वर बघितलं नाही.

"पाऊस बाकीच्या नऊ रस्त्यांवरही होता," अध्यक्ष म्हणाले. "मोजणीचं यंत्र आता पुढच्या वर्षीपर्यंत मिळत नाही आणि यादी शुक्रवारी पाठवायची आहे. आज एकाला सूट दिली तर उद्या प्रत्येक जण पावसाचं सांगत येईल. आणखी काही?"

ड्वेन खाली बसला. ठरावाच्या बाजूने तिघांचेही हात वर गेले. केनीचा शेवटी गेला, पण गेला. बैठक सव्वाअकराला संपली.

बाहेर बाई गाडीची किल्ली शोधत होत्या. ड्वेन शेजारी जाऊन उभा राहिला.

"बाई, मी त्या दिवशी रस्त्याला हात लावला नसता तर..."

"तर रस्ता खराब राहिला असता."

"हो."

"आणि मी इथे येऊन तक्रार केली असती." किल्ली सापडली. "गॅसवाल्याला निरोप दे. टाकी या वेळी अर्धीच भरायची. ऑक्टोबरपर्यंत पुरेल."

"सांगतो."

"कोंबड्या कुणाला हव्यात ते विचार. सात आहेत. एक अंडी देत नाही, ते आधी सांग, फसवल्यासारखं नको."

"सांगतो, बाई."

"आणि तो चेहरा कसला केलायस? पाढे चुकल्यासारखा."

ड्वेनने चेहऱ्यावरून हात फिरवला. त्याला काहीच वाटत नव्हतं. रात्री बायकोने विचारलं तेव्हाही त्याने तेच सांगितलं, की काहीच वाटत नाही. मग ताटातलं संपवलं आणि आणखी बटाटे वाढून घेतले.

फलक सोमवारी आले. मंगळवारी, ४ जूनला, ड्वेनने ते दोन्ही टोकांना लावले, खांब दोन फूट जमिनीत, भोवती काँक्रीट. दक्षिणेकडचा लावत असताना बाई थॅकरहून परतत होत्या. त्यांनी गाडी थांबवली नाही. स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं, इथे सगळे नमस्कारादाखल उचलतात तसं. त्यानेही उचललं. दुपारी तीन वाजता त्याने काम झाल्याची नोंद कार्यालयात दिली. जोलीनने ती फाइलला लावली. काचेखालच्या चिठ्ठीला तिने हात लावला नाही, तो ऑक्टोबरात लावायचा.

एकतीसची वाहतूक आता एकोणतीस नंबरवर आली आहे आणि तिथे वळ्या पडू लागल्या आहेत. उद्या, बुधवारी, पहाटे साडेपाचला ड्वेन एकोणतीस नंबरच्या उत्तर टोकापासून ग्रेडर सुरू करेल. अकरा मैल आहेत, तीन फेऱ्या, दुपारी साडेबारापर्यंत होतात.