खालच्या मजल्याचा दावा

बदनापूरच्या घराचा खालचा मजला मी एका शिंप्याला भाड्यानं दिला होता. तो मुलाकडे पुण्याला गेला आणि मला न विचारता किल्ली आपल्या मेहुण्याच्या हाती देऊन गेला. त्याच सुमारास माझ्या बायकोला लकवा झाला. आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो, तिला जिना उतरता येईना. मी त्या मेहुण्याला म्हणालो, "हिच्यासाठी खालची जागा पाहिजे, बाबा. मोकळी कर."

"लेकरं घेऊन मी कुठं जाऊ, गुरुजी? तुम्ही कोर्टात जा."

मी गेलो. तारखांवर तारखा पडत राहिल्या. घरी परतलो की बायको खाटेवरून विचारायची, "झालं का?" मी म्हणायचो, "पुढच्या तारखेला." चार वर्षं तिनं अंगण पाहिलं नाही.

मग ती गेली. अरुंद जिन्यात तिरडी वळेना. तेव्हा खालून तोच माणूस धावत वर आला आणि तिला दोन्ही हातांवर उचलून त्यानं खाली आणलं. तो रडत होता. त्याचा धड रागही करता येईना.

तेराव्यानंतर वकिलांनी बोलावलं. समोरून अर्ज आला होता, खाली त्याच माणसाची सही. बाई वारल्यामुळे घरमालकाला जागेची गरज उरलेली नाही, असं लिहिलेलं.

"बेकायदा ताब्याचा मुद्दा हाय अजून," वकील म्हणाले. "पण वेळ लागंल. लढायचं का?"

अर्जाला द्यायचं उत्तर त्यांनी टाईप करून ठेवलं होतं. त्यांनी बोट ठेवलं तिथं मी सही केली आणि बसस्टँडवर येऊन कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो.