सोनेरी ड्रिलवरचं माझं पत्रक

आमच्या घरात अन्याय दिसला की पत्रक निघे. वडील शेतमजुरांच्या सभांची पत्रकं लिहीत आणि मी त्यांवरच वाचायला शिकले.

त्यामुळे जवळा बाजारला मामाच्या वर्कशॉपमध्ये मशीनला लावून लोखंडात भोकं पाडायचं महागाचं सोनेरी ड्रिल साध्या ड्रिलइतकंच टिकलं, तेव्हा बारावीतल्या मी लगेच पत्रक लिहिलं : 'पिवळा रंग फासून लूट!' खाली सही, 'एक जागरूक नागरिक'. दुकानदाराचं नाव नव्हतं, पण तसं ड्रिल विकणारा बाजारात एकच होता. लोक त्याच्याकडून खिळेसुद्धा घेईनात.

पुढे एम.एस्सी.ला टायटॅनियम नायट्राइड अभ्यासाला आलं. धातू आणि नायट्रोजनचं संयुग. सिरॅमिकसारखं कठीण, तरी धातूसारखी वीज वाहू देणारं, दिसायला सोनेरी. केसाहून कितीतरी पातळ थर हत्यारांवर चढवतात, कृत्रिम सांध्यांवर, चिपमध्येही. त्याच आठवड्यात मी गावी गेले.

मामानं भंगारातून ते ड्रिल काढून दिलं. मल्टीमीटरच्या पिना सोनेरी भागावर टेकवल्या, बीप वाजली. साध्या रंगातून वाजली नसती. कानस घासली, ती नुसती घसरली. टोक मात्र पांढरं होतं.

"मामा, टोकाचा थर कुठं गेला?"

"नवं ड्रिल आनलं की आमी आधी ग्राइंडरला लावतो. कंपनीची धार कुनाला पायजे? धार आपल्या हातची पायजे."

"मंग तुमीच काढला की तो!"

"व्हय. पन पत्रक म्या न्हाई लिवलं."



पहिलं चुकलं असं सांगणारं दुसरं पत्रक लिहून मी दुकानदाराकडे गेले. त्यांनी ते चष्मा पुसून दोनदा वाचलं.

"तुमचं नाव टाकू का, काका?" मी विचारलं.

"माझं काहून? लोकं आत्ता कुठं इसरून राहिले. तुझं टाक."

टाकलं. खाली एक ओळ वाढवली : हे ड्रिल टोकाला घासू नये, थर गेला की उरतं ते साधं पोलाद.

बाजाराच्या दिवशी त्यांच्याच दुकानासमोर उभी राहून मी ते पत्रक लोकांना वाटलं. पहिलं पत्रक लोकांनी हातातून ओढून घेतलं होतं. हे घ्यायला थांबवावं लागत होतं. एका म्हाताऱ्यानं ते उलटसुलट करून पाहिलं.

"म्हंजे मागचं खोटं व्हतं?"

"व्हय."

"कोन लिवलं व्हतं ते?"

दुकानदार तराजूवर खिळे टाकता टाकता थांबले.

"मीच," मी म्हणाले.