बोअरच्या केबलचा अँटेना

मंडळी, आज सकाळी नांदेडच्या घराच्या गच्चीवर हॅम रेडिओसाठी, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संचासाठी, डायपोल अँटेना चढवला. डायपोल म्हणजे मध्ये जोडलेल्या दोन सारख्या तारा. हे सगळं मी स्वतःच शिकलोय. लांबी कॉम्प्युटरवर मॉडेल करून काढली होती. पण मीटर लावला तर अँटेनाची फ्रिक्वेन्सी हवी त्यापेक्षा बरीच खाली. तार कापून आखूड केली की ती वर येते.

चाकूरचे माझे हॅम-मित्र सलीमभाई मदतीला आले होते. "तुमचं सॉफ्टवेअर लबाड हाय, गोविंदराव. कापा दोन्हीकडून हातभर."

"तार हाय ही, कडबा न्हाई," मी म्हणालो. तेवढीच तार होती. जास्त कापली असती तर अँटेनाच गेला असता.

खाली येऊन मॉडेल उघडलं. त्यात मी उघडी तांब्याची तार धरली होती, आणि वर होती बोअरच्या मोटारीची जुनी केबल, जाड आवरणासकट. आवरणामुळे फ्रिक्वेन्सी खाली येते. आवरण मॉडेलमध्ये घातलं, आकडा मीटरशी जुळला. नव्या हिशोबानं दोन्हीकडून फक्त वीतभर कापलं.

संध्याकाळी घरी परतलेल्या सलीमभाईंचा आवाज चाकूरहून रेडिओवर साफ आला. "सॉफ्टवेअर लबाड न्हाई, गोविंदराव. तुम्हीच त्याला खोटं सांगितलं व्हतं."

हे मात्र खरं. तुमचा हिशोब चुकतो तेव्हा तुम्ही आधी काय तपासता, हिशोब की त्यात घातलेली माहिती?