मासे वर आले ती सकाळ

मासे धरायचा नाद मला साताऱ्यातच लागला. मी शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे सुट्ट्यांना तोटा नाही. गणपती गेले, कृष्णेचं पाणी निवळायला लागलं, की मी गळ आणि दोरी तपासायला घेतो. दिवाळीपर्यंत नदी पात्रात येते आणि मासा काठाशी चरायला लागतो. पुढे थंडी वाढली की तो सुस्तावतो, खोल पाण्यात जातो. मग नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघंतिघं शिक्षक रत्नागिरीकडे उतरतो आणि भरतीची वेळ बघून खडकावर बसतो. इतक्या वर्षांनी मला वाटायला लागलं होतं की आपल्याला पाणी कळतं. किती थोडं कळतं, ते कवठे महांकाळजवळच्या एका पाझर तलावावर समजलं.

माझी धाकटी बहीण त्या भागात दिली आहे. दाजी फौजेतून हवालदार होऊन परत आले आणि आता द्राक्षबाग बघतात. त्यांच्या बागेखालीच हा तलाव. पूर्वी दिवाळीनंतर त्यात चिखल तेवढा उरायचा. अलीकडे उपसा सिंचन योजनेचं पाणी सोडतात, म्हणून तो भरलेला असतो. मासेमारीचा ठेका गावातल्या एका बाईंकडे आहे. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगानं काटक, बोलणं मोजकं. सगळा गाव त्यांना मावशी म्हणतो. माहेर कृष्णाकाठचं. नवरा गेल्यावर ठेका सोडून द्या असं पुष्कळांनी सांगितलं, तर त्यांनी माहेरहून गूळ शिजवायची एक जुनी काहील आणली आणि तीच होडी करून स्वतः पाण्यात उतरायला लागल्या.

त्या वर्षी भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मी संध्याकाळी पोचलो. तीन दिवस आभाळ भरलेलं होतं, पाऊस नव्हता आणि वाऱ्याची झुळूकही नव्हती. गळ घेऊन तलावावर गेलो, तर मावशी काठावर वाकून कोपरापर्यंत हात पाण्यात घालून बसलेल्या.

"पाव्हणं, माझा पंजा दिसतोय का बघा."

पाणी हिरवंगार होतं. मनगटाच्या खाली मला काही दिसेना. तसं सांगितलं.

"लय दाट झालंय पानी," त्या म्हणाल्या. "ऊन न्हाई, वारं न्हाई. उद्याचा दिवस गळ टाकू नगा. आज खायाला बी घातलं न्हाई मी त्यास्नी."

मला ते फारसं पटलं नाही. पाण्यात हिरवळ असली की मासा पोसतो, एवढंच मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना दाजींनी मला हलवून उठवलं. तलावाकडून लोकांचा गलका येत होता. जाऊन बघतो तर पाण्यावर जिकडे तिकडे तोंडंच तोंडं. रोहू, कटला, हातभर लांबीचे मासे पाण्याबाहेर तोंड काढून आ वासत होते. इतके मासे एका जागी मी कधी पाहिले नव्हते. पुण्या-मुंबईहून सुट्टीला आलेली तरणी माणसं टोपल्या आणि मच्छरदाण्या घेऊन गोळा झाली होती. चौघंपाचजण विजार गुडघ्यावर सारून पाण्यात पाऊल टाकणार, तेवढ्यात मावशी त्यांच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"पान्यात कुणी उतरायचं न्हाई. खालचा गाळ उठला तर हायेत ती बी जातील."

"मावशी, मरायलाच लागलेत ते," त्यांतला एकजण म्हणाला. "मग धरले तर काय बिघडलं?"

"मरत न्हाईत, पान्यातली हवा कमी झालीया, दम लागलाय त्यास्नी. आमचं मालक दम्यानं जायच्या आदी असंच उंबऱ्यावर येऊन बसायचं, वारं घ्यायला. तवा त्यास्नी कुणी उचलून न्हेलं न्हाई."

हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. त्या माणसानं टोपली खाली ठेवली.

मावशी दाजींकडे वळल्या. "भाऊ, पानी हलवाय पायजे. तलावातनं उचलायचं आन् उंचावरनं परत तलावातच सोडायचं. मोटारी चालू करता येतील का?"

शेतीची लाईट त्या आठवड्यात सकाळी दहाला येत होती. आत्ता साडेसहा वाजले होते. दाजींना शेडमध्ये पडलेलं जुनं डिझेल इंजिन आठवलं. मगाशी मच्छरदाण्या घेऊन आलेल्यांनीच ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवलं आणि बांधावर आणून उतरवलं. इंजिन काही केल्या सुरू होईना. दाजी हँडल मारून घामाघूम झाले, मग मी मारलं, मग आणखी दोघांनी. तोवर मावशी काहिलीत बसून तलावाच्या मधोमध गेल्या होत्या. वळणं घेत घेत बांबूनं पाण्यावर सपासप मारत होत्या. एकट्या बाईनं बांबू मारून एवढं पाणी ते किती हलणार, असं मला वाटलं. पण जिथं त्या मारत होत्या, तिथं मासे ओढल्यासारखे गोळा होत होते.

अखेर इंजिन धडधडलं. पाइपाचं तोंड दगडांवर उंच बांधलं, आणि पाणी फेसाळत परत तलावात पडायला लागलं. त्या फेसाखाली माशांची दाटी झाली. दहाला लाईट आली तशा दाजींसकट काठावरच्या सहा शेतकऱ्यांनी आपापल्या मोटारी लावून तशीच पाण्याची धार धरली. कुणाला बोलवायला जावं लागलं नाही. अकराच्या सुमारास पश्चिमेकडून वारा सुटला, तलावावर बारीक लाटा उठल्या, आणि एकेक करत तोंडं पाण्याखाली दिसेनाशी झाली.

तेव्हा कुठं मावशी काठाला आल्या. तळहाताचे फोड फुटले होते. मेलेले मासे काठाला लागले होते ते त्यांनी वेचले, पण ते कुणाला खाऊ दिले नाहीत. कवा मेलंत ठावं न्हाई, म्हणाल्या, आणि खड्डा काढून पुरायला लावले. काहिलीतून पोटाशी धरून आणलेला एक मोठा कटला मात्र त्यांनी बराच वेळ हाताशी ठेवला होता. तो वाचला नव्हता.

बहिणीनं भाऊबीजेचं ओवाळणं दुपारी उशिरा केलं. त्याआधी तिनं लाडू-करंज्यांचं ताट तलावावर पाठवलं. मीच घेऊन गेलो. मावशी बाभळीखाली बसल्या होत्या. मी समुद्रावर मासे धरायला जातो हे त्यांना माहीत होतं.

"समुद्रात असं हुतं का वो कवा? पानी गपगार बसलंय, हालतच न्हाई, असं?"

"नाही मावशी. तिथं लाटा थांबतच नाहीत."

"मंग त्यांचं बरं हाय," त्या म्हणाल्या आणि करंजी खाऊ लागल्या.

मी त्यांच्या शेजारी बसलो. हे सगळं कुठं शिकलात, असं विचारलं. पहिल्या वर्षी असंच झालं हुतं, तवा तलावातला एक बी मासा वाचला न्हवता, एवढंच त्यांनी सांगितलं.

शिमग्याच्या आसपास त्यांनी मोठं जाळं लावलं. मला शाळेतून निघता आलं नाही, पण दाजींचा फोन आला. मासा जोरात निघाला होता. काठावरच्या ज्या ज्या शेतकऱ्यानं मोटार लावली, त्याच्या घरी पहिल्या दिवशीच एकेक रोहू पोचला. दाजींच्या घरी दोन आले.

"दुसरा कशाचा, म्हनून इच्यारलं," दाजी म्हणाले. "तर म्हनल्या, इंजिनाचा."