बिबट्यासाठी लावलेलं कुलूप

पडवीला लोखंडी जाळी बसवायचा हट्ट माझाच. नवऱ्याला कुणी दोष देऊ नये. घराभोवती सगळा ऊस, त्यात बिबट्या, आणि भरदुपारी दारातला कुत्रा नेला त्यानं. सासऱ्यांची उजवी बाजू गेलेली, दुसऱ्यानं उठवलं तरच खाटेवरून उठतात. मी शेतात गेल्यावर हा माणूस उघड्या दारात ठेवायचा कसा? खिडक्यांनाही गज घातले. वेल्डिंगवाला म्हणाला, "वहिनी, आता मुंगी बी शिरायची न्हाई." मला केवढं बरं वाटलं!

गॅसवाल्यांनी गावात आगीची माहिती सांगितली तेव्हा पुढच्या रांगेत मीच बसलेली. रेग्युलेटर बंद केल्याशिवाय घर सोडत नाही. कुलपाचं मात्र कुणी काही बोललं नाही, आणि माझ्याही टाळक्यात आलं नाही.

त्या दिवशी नवरा टोमॅटो घेऊन नारायणगावला गेला. जाळीची किल्ली त्याच्या खिशात. कुलूप नुसतं दाबलं की बसायचं, म्हणून मी ते दाबलं आणि कांदे खुरपायला गेले. माझ्या आधी तो घरी येणारच होता. दुसरी किल्ली? होती की. आत, देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला. कर्म माझं!

धूर दिसला तशी खुरपं टाकून पळत सुटले. फवारणीचा बॅटरीपंप पडवीत चार्जिंगला होता, तो पेटलेला, शेजारच्या बारदानानंही पेट घेतलेला. मीटर बाहेर होता, मेन स्विच पाडला. हौदातलं पाणी बादलीनं जाळीतून मारलं, तर निम्मं गजांवर आपटून माझ्याच अंगावर. आतून सासऱ्यांचा खोकला येत होता. कुलूप ओढलं, दगडानं ठेचलं, त्याला शिव्या घातल्या. चांगलं दणकट द्या म्हणून दुकानात मीच भांडले होते.

"पोरी, तू लांब सर," ते आतून म्हणाले.

"कुठं सरू आबा? कुठं सरू?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले मी, आणि तिथंच जाळीला धरून रडायला लागले.

शेजारच्या वस्तीवरचे दोघं पहार घेऊन आले, कोयंडा उपटला, आबांना खाटेसकट बाहेर आणलं. वाचले. पण त्यात माझी कसली करामत नाही.

नवऱ्यानं ते कुलूप उसात भिरकावलं. आतून कडी बसवली, पण ती लावणार कोण? मग दार दिवसभर सताड उघडं. आठ दिवस निघाले. नवव्या दिवशी त्याच शेजाऱ्यांची शेळी बिबट्यानं दारातून नेली, तीही दिवसाउजेडी. नवरा नवीन कुलूप घेऊन आला.

आता सांगा, काय करावं माणसानं? लावलं तर आग, उघडं ठेवलं तर बिबट्या. घरात माणसं तीनच, एकानं बसून राहावं म्हटलं तर शेत कोण बघणार? एक किल्ली आता माझ्या कमरेला असते. तरी सकाळी जाळीपाशी हात थबकतो माझा.

काल सासऱ्यांनीच खाटेवरून सांगितलं, "लाव कुलूप. पर लई लांब जाऊ नको."

आमचं कांद्याचं वावर ओढ्याच्या पलीकडं आहे. तिथून त्यांची हाक ऐकू येत नाही. "नाही जात आबा," म्हणाले आणि कुलूप लावलं.