खुशी काढून टाक

आक्का कागदावर बोट ठेवायची. नुसतं ठेवायची नाही, रोवायची. “ह्ये काय लिवलंय, भाऊ? वाच.” मी वाचलं की बोट पुढच्या शब्दावर. “आन ह्ये?”

पौडच्या दस्त-नोंदणी कचेरीबाहेर तुम्ही कधी ताटकळला असाल, तर माझ्यासारखे दस्त लिहिणारे पाहिलेच असतील. पत्र्याची टपरी, एक संगणक, दोन खुर्च्या आणि सदा घाईतली माणसं. हिंजवडीकडच्या जमिनींना भाव आल्यापासून माझ्याकडे सगळ्यात जास्त होतात ती हक्कसोडपत्रं. वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा बहिणीने भावांना सोडून द्यायचा. ती सही करते, भाऊ तिला हॉटेलात जेवू घालतात आणि तिचं माहेर शाबूत राहतं. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

आक्का माणची लेक, जांब्यात दिलेली. मारुंजीत एका सोसायटीच्या फाटकाशी मेथी-कोथिंबीर विकायची. एका सोमवारी तिचे दोघे भाऊ तिला घेऊन आले. त्यांचा चहा होईपर्यंत मी कागद काढलासुद्धा, कारण मसुदा संगणकात तयारच असतो. नाव आणि गट नंबर तेवढा बदलायचा.

चौथीपर्यंत शिकलेली बाई. तिचं बोट सरकत सरकत एका ओळीवर थांबलं. ‘मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय’ असं लिहिलेलं आणि त्यापुढे भलतंच नाव.

“ही कोन बाई?”

आधीच्या कागदातलं नाव बदलायचं राहून गेलं होतं. “माझी बहीण,” मी म्हणालो. “तिचं हक्कसोडपत्र याच मसुद्यावर केलं होतं.”

“आन हिची खुशी माज्या कागदात कशी आली?”

“चुकून राहिलं, आक्का. बदलतो.”

“बदलशील रं. पर तिला तरी इचारलं हुतंस का?”

नव्हतं विचारलं.

थोरला भाऊ वैतागला. “आक्का, नुसता शब्द हाय त्यो. समद्यांच्याच कागदात असतोय.”

“मग काढू दे की त्येला. मी राजी हाय, पर खुशी न्हाई. तेवढी खुशी काढून टाक, लगीच सही करते.”

मी समजावलं, की नुसता शब्द काढून भागणार नाही, आत नोंदणीचे साहेबही ‘खुशीने देता ना’ हेच विचारणार. “मग त्येंला बी मी ह्येच सांगनार,” ती म्हणाली.

“गावात एकानं तरी बहिणीला वाटा दिलाय का?” थोरल्याचा आवाज चढला. “उद्या मला तोंड दावाया जागा ऱ्हाईल का?” धाकटा नुसताच जमिनीकडे बघत होता.

“तुमी दोघं शाळंत हुता तवा भाताची आवणी कुनी केली? चिखलात मी हुते. बा म्हनायचा, पोरीला शिकून काय करायचंय. तवा बी मी राजीच हुते. खुशी कुनी इचारली न्हाई.” एवढं बोलून ती उठली आणि बस स्टँडकडे चालू लागली.

सातबाऱ्यावर तिचं नाव राहिलं आणि माहेर तुटलं. त्या वर्षी भाऊबीजेला ती ओवाळणीचं ताट घेऊन माणला गेली, तर दार लावलेलं. निरांजन विझेपर्यंत ओट्यावर बसली आणि परत आली. पुढच्या वर्षी पुन्हा गेली, त्याच्या पुढच्या वर्षीही गेली. “कशाला जाता?” असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “दार त्येंनी लावलंय. मी न्हाई लावलं.”

तिला काही वाटत नव्हतं असं समजू नका. एकदा माझ्या टपरीत बसून ती पदरात तोंड घालून रडली. “जमीन घिऊन काय करू रं? भाऊ पायजेत मला. पर त्येच्यापायी खोटं न्हाई लिवून द्याची.” मला तिची फार कणव आली आणि स्वतःची लाजही वाटली.

पुढे ती इतर बायकांबरोबर येऊ लागली. “सही कर न्हाईतर नगं करू, तुजं तू बघ. पर आदी समदं आयकून घे,” एवढंच सांगायची. बहुतेकजणी सही करूनच जायच्या. आक्काने त्यांना कधी नावं ठेवली नाहीत. दोघी-तिघी मात्र मधूनच उठून गेल्या आणि त्यांचे भाऊ माझ्यावर उखडले. मी तो तयार मसुदा पुसून टाकला. आता प्रत्येकीला विचारून नव्याने लिहितो. वेळ लागतो, लागू दे. माझ्या बहिणीला विचारायचं तेवढं अजून राहिलंय. तोंड होत नाही.

मागच्या वर्षी आक्का गेली. आमच्याकडे बाईच्या अंगावरची शेवटची साडी माहेरची असते, ती भाऊ आणतो. अंगणात सगळे त्या साडीसाठी खोळंबले होते. येतंय कोण, असं बायका आपापसात बोलत होत्या. थोरला आलाच नाही. बऱ्याच वेळाने धाकटा आला, एकटाच, पिशवी छातीशी धरून.

आक्काची लेक दारात आडवी उभी राहिली.

“मामा, खुशीनं आनलीया का?”

ही काय विचारायची वेळ आहे, असं कुणीतरी पुटपुटलं. लेक जागची हलली नाही.

“व्हय,” धाकटा म्हणाला. “दादाला न इचारता आनली.”

मग ती बाजूला झाली.