आधी खोड सांगणारी माधवी

लोणावळ्यात दुकानाची पाटी वाचून कुणी खरेदी करत असेल तर त्याचं कल्याणच आहे. आमच्या बाजारपेठेत जितकी चिक्कीची दुकानं, तितकी ‘अस्सल’, ‘जुनी’ आणि ‘एकमेव’ दुकानं. माझंही त्यातलंच. माझ्या पाटीवर ‘सर्वोत्तम’ असं लिहिलंय, आणि ते मीच रंगवून घेतलंय. सांगायचा मुद्दा, आपल्या मालाबद्दल खरं बोलण्याची आमच्याकडे फारशी रीत नाही. आणि अशा गावाला लागून असलेल्या कुसगावात एक बाई राहते, जी कुठल्याही गोष्टीची आधी खोड सांगते, मग गुण. नाव माधवी केदारी. ती कॉम्प्युटरवरच्या गेमची पारख करते.

मला स्वतःला गेममधलं ओ की ठो कळत नाही. तरी दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी गल्ल्यावर बसून मोबाईलवर माधवीचा चॅनल लावतो. चॅनलचं नाव ‘आधी खोड’. त्यात ना गाणं, ना आरडाओरडा. कॉटनचा पंजाबी ड्रेस घातलेली, चष्मा लावलेली पस्तिशीची बाई, मागं भिंतीवर गॅस एजन्सीचं कॅलेंडर, आणि समोर एखादा कुणी न विचारलेला गेम.

हे खूळ तिला लागलं ते नोकरीमुळे. कुसगावातल्या एका हॉटेलात ती काउंटरवर असते. पाहुणे घरी गेले की इंटरनेटवर हॉटेलबद्दल जे लिहितात, त्याला उत्तरं देणं हेही तिचंच काम. गिझर उशिरा तापला म्हणून कुणी एकच तारा देतो, आणि खिडकीतून ढग दिसला म्हणून दुसरा पाच तारे देतो. एकदा दुकानात आली होती तेव्हा वैतागून म्हणाली, “भाऊ, आमचा गिझर उशिरा तापतो हे खरं आहे. आमच्या आचाऱ्याची आमटी खाऊन आजवर कुणी रागावून गेलं नाही, हेही खरं आहे. ही दोन वाक्यं एकाच माणसाला एका दमात का लिहिता येत नाहीत?”

मी म्हटलं, “लिहिता येतात गं, पण मग ताऱ्यांचं काय करायचं?”

ती हसली नाही. विनोद बरा नसला की ती हसत नाही, हा तिचा एक दोष मी इथं नोंदवून ठेवतो.

खोड आधी सांगायची पद्धत तिची स्वतःची नाही, तिच्या आजोबांची. रखमाजी केदारी बैलांचे जाणकार होते. बाजारात बैल घ्यायचा तर मावळातले लोक त्यांना सोबत नेत. व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून सौदे करत असायचे आणि हे मोकळ्या आवाजात, बैलवाल्याच्या देखत, खोड सांगायचे. “ह्यो पान्याला बुजतोय. ओढ्यात घालाल तर गाडी सोडून पळंल.” बैलवाल्याचं तोंड उतरायचं. मग आबा बैलाच्या वशिंडावर हात ठेवून म्हणायचे, “पन चिखलात ह्याच्यावानी बैल न्हाई मिळायचा.” आणि तो बैल विकला जायचा. त्यांचं एक म्हणणं माधवीला पाठ आहे: खोड म्हाईत असलेला बैल दावणीला टिकतो, खोड लपवलेला पुढच्या बाजारी परत येतो.

नात नेमकं तेच करते, फक्त बैलाच्या जागी गेम. फार गाजलेल्या गेमच्या ती वाटेला जात नाही. त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवायला जग बसलंय. अगदी टाकाऊ गेमही ती घेत नाही. तिला हवे असतात मधले, म्हणजे धड नाहीत पण मनापासून केलेले. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसे हे गेम इंटरनेटवरच्या दुकानाच्या तळाशी जाऊन मरतात, असं तिचं दुःख आहे. तिची दुपारची ड्युटी असते, त्यामुळे सकाळ मोकळी. त्या सकाळी ती गेम शेवटपर्यंत खेळते. अर्धवट खेळून बोलायचं नाही, हा नियम. “बैल चालवून बघितल्याशिवाय आबा तोंड उघडायचे नाहीत,” असं म्हणते.

एकदा तिनं एक रेल्वेचा गेम दाखवला. कुठल्याशा थंड देशातल्या दोन भावांनी केलेला. त्यात गाडी कधी कधी प्लॅटफॉर्मच्या भिंतीतून आरपार जाते, उतारू छपरावर उभे राहतात आणि स्टेशनमास्तरची टोपी डोक्याच्या एक वीत वर तरंगते. हे सगळं तिनं न हसता सांगितलं. नंतर म्हणाली, “आता शेवटची गाडी गेल्यानंतरचं बघा.” स्टेशनमास्तर एकेक दिवा मालवत फलाटावरून चालत गेला आणि एका रिकाम्या बाकासमोर उगाच थांबला. माधवी म्हणाली, “इथं बटण दाबायला काही नाही. करणाऱ्यांनी ठरवून काही ठेवलेलं नाही. स्टेशनावर नोकरी केलेल्या माणसालाच हे सुचेल.” माझे वडील खंडाळ्याला रेल्वेत होते. मी गल्ला बंद करून ती दोन मिनिटं पुन्हा पाहिली. खरं सांगतो, त्या दिवसापासून मला या बाईचं कौतुक वाटतं, आणि थोडा हेवाही.

आता विक्कीचं सांगतो, कारण माधवी काय चीज आहे ते तिथं कळलं.

विक्की ओव्हाळ लोहगडवाडीचा. त्याची आई भागूबाई गडाच्या वाटेवर काकडी, लिंबू सरबत, पाणी विकते. मी तिला चिक्की पुरवतो, म्हणून घरोबा. विक्की तळेगावच्या एका कारखान्यात चांगला चिकटला होता. ते सोडून दोन वर्षं घरात बसून त्यानं एक गेम केला. गेमचं नाव ‘पाटी’. एक बाई डोक्यावर पाटी घेऊन लोहगड चढते, एवढीच गोष्ट. गेम विकायला ठेवला त्या दिवशी त्यानं माधवीला निरोप पाठवला: “जय भीम ताई. गेम झाला. जशा असतील तशा खोडी सांगा.”

तिनं सांगितल्या. गडाच्या नारायण दरवाजात गेमचा कॅमेरा भिंतीत अडकतो आणि बराच वेळ नुसतं आभाळ दिसतं. वर पोचता पोचता गेम बंद पडला तर पुन्हा पायथ्यापासून चढावं लागतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मधेच चार दांडगे तलवारवाले येतात, त्यांच्याशी त्या बाईनं पाटी सावरत लढायचं. “हे कुणीतरी याला घालायला लावलंय,” माधवी म्हणाली, “कारण यात त्याचा जीव दिसत नाही.” खोडी संपल्यावर ती गुणांकडे वळली आणि खोडींच्या दुप्पट वेळ बोलली.

घोळ पुढं झाला. विक्कीचा चुलतभाऊ सुरज, त्याला कोण आनंद! आपल्या भावाचा गेम माधवीताईंनी घेतला म्हणून त्यानं तो व्हिडिओ न बघताच मोबाईलच्या स्टेटसला टाकला. स्टेटसवर व्हिडिओ कापून सुरुवातीचाच तुकडा जातो. ताईंच्या पद्धतीप्रमाणे सुरुवातीला होत्या खोडी. वाडीभर, कुसगावभर तेवढंच फिरलं. बाकीचे स्तुती आधी करतात, त्यांच्यापैकी कुणाचा व्हिडिओ असा कापला गेला असता तर निदान स्तुती तरी पोचली असती. आपला तो बाब्या असं मानणारे लोक तर भलतेच चिडले. “गावच्या पोराला नावं ठेवती,” इथपासून “तलवारीला वाईट म्हनली,” इथपर्यंत. ज्यांनी गेम पाहिलाही नव्हता, त्यांनीही उचलली जीभ लावली टाळ्याला.

आणि भागूबाईनं तो तुकडा ऐकला. कुणीतरी तिच्या टपरीवरच, दहा माणसांत लावून दाखवला. त्या संध्याकाळी तिनं विक्कीला बजावलं, “बंद कर त्यो गेम. लोकं हसाय लागली. सोमवारपासनं कारखान्यात परत जा.” विक्कीनं पूर्ण व्हिडिओ पाहिला होता, त्याला काही वाईट वाटलं नव्हतं. पण वडील गेल्यापासून त्या पोरानं आईचा शब्द कधी मोडलेला नाही. तो माधवीला फोनवर म्हणाला, “ताई, रविवारी गेम विक्रीतून उतरवतो. आईपुढं माझं काही चालत नाही.”

मग सुरज माझ्या दुकानात माधवीला गाठून गयावया करायला लागला. “ताई, चूक माझी झाली. पण तुमी नुसता गुणाचाच भाग परत टाका ना. खोडी काढून टाका. काकीला तेवढाच दाखवतो.”

मीही म्हटलं, “टाक गं. एका पोराचं भलं होतंय.”

माधवीनं काचेची बरणी पुढ्यात ओढली. म्हणाली, “भाऊ, आज मी खोडी काढल्या तर पुढच्या पोराच्या गेमचा गुण सांगितल्यावर कोण खरं मानेल? आणि विक्कीलाच विचारा, त्याला नुसती स्तुती हवी असती तर त्यानं सुरजला विचारलं असतं.” बोलताना ती बरणीचं झाकण उगाच उघडत-लावत होती. स्वतःच्या तत्त्वाचा तिला त्या वेळी आनंद होत नव्हता, एवढं मला दिसलं. शनिवारी हॉटेल सोडता येत नाही, म्हणून शुक्रवारी सकाळी ती एकटीच लोहगडवाडीला गेली.

पुढचं मला माधवी आणि भागूबाई, दोघींनी वेगवेगळं सांगितलं आणि दोघींचं जुळलं, म्हणून खरं मानायला हरकत नाही.

भागूबाई नेहमीप्रमाणे काकड्या आणि पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली पाटी घेऊन गड चढत होती. पहिल्या वळणावर डोक्यावरची कापडाची चुंबळ सरकली, म्हणून तिनं पाटी खाली ठेवली. चुंबळ नीट केली. पण भरलेली पाटी जमिनीवरून एकटीनं डोक्यावर घेता येत नाही. कुणीतरी हात लावावा लागतो. शुक्रवार, त्यामुळे वाटेवर चिटपाखरू नाही. इतक्यात खालून आली माधवी.

भागूबाईनं तिला ओळखलं आणि तोंड दरीकडे फिरवलं. माधवी दोन पायऱ्या खाली उभी राहिली. हात लावू का विचारायची तिची छाती होईना. अशा दोघी उभ्या. शेवटी वरच्या तटावरून वानरं उतरली आणि काकड्यांचा अंदाज घ्यायला लागली.

“बगती काय नुसती?” भागूबाई ओरडली. “हात लाव!”

माधवीनं हात लावला. पाटी डोक्यावर गेली. दोघी चढायला लागल्या. थोडं वर गेल्यावर भागूबाई म्हणाली, “आता का गप? मोबाईलमदी तर लय बोलत होतीस माज्या पोराला.”

“मावशी, तुमी निम्मंच ऐकलंय,” माधवी म्हणाली. हॉटेलातली भाषा गळून तिच्या तोंडी घरची बोली आली होती.

“मग ऱ्हायलेलं सांग. पन चालता चालता. वानरं हायती मागं.”

माधवीनं सांगितलं, “त्या गेममदी बाईनं पाटी खाली ठिवली, की तिला एकटीला उचलता येत न्हाई. कोनीतरी येईस्तवर थांबावं लागतं. कदी धुकं पडतं, कोनी येतच न्हाई. शहरातली पोरं चिडत्यात, बटन बिघडलंय म्हनत्यात. मग कोनीतरी येतं. हात लावतं अन् आपल्या वाटंनं निघून जातं. मावशी, मी आजवर लय गेम खेळले. सगळ्यांत समोरनं येनारा मानूस मारायलाच येतोय. ते तलवारवाले सोडले, तर ह्या एकाच गेममदी समोरनं येनाऱ्या मानसाची वाट बगावी लागती. व्हिडिओत मी हेच बोलले.”

भागूबाई पायऱ्या चढत राहिली. पुढचा दरवाजा आला. मग विचारलं, “हे त्यानं घातलंय त्यात?”

“व्हय.”

“मला न्हाई सांगितलं कदी.” डोक्यावर पाटी असल्यानं तिला डोळे पुसता येईनात. माधवीनं तिच्याच पदरानं पुसले. भागूबाई म्हणाली, “मग ते तलवारवाले कशाला घातले त्या येड्यानं? डोक्यावर वझं घिऊन कोन लडतंय?”

“तेच म्हनत होते मी, मावशी.”

सोमवारी विक्की कारखान्यात गेला नाही. गेम उतरवला नाही, फक्त तलवारवाले उतरवले. माधवीनं पुन्हा व्हिडिओ केला आणि सुरुवातीलाच सांगितलं की नारायण दरवाजात कॅमेरा अजून अडकतो. मी तिला फोन करून म्हटलं, “अगं, आता तरी!” तर म्हणाली, “अडकतो ना, भाऊ.” या बाईपुढं मी हात टेकले आहेत.

महिन्याभरानं चिक्की पोचवायला मी वर टपरीवर गेलो होतो. पुण्याची पोरं सरबत पीत बसली होती. भागूबाई त्यांना म्हणाली, “माज्या पोरानं गेम केलाय. नारायण दरवाज्यात अडकतोय, आदीच सांगून ठेवते. मागनं बोल लावू नका.”

पोरं हसली. एक दांडगा होता, तो म्हणाला, “अडकतो, तर मग खेळायचा कशाला, मावशी?”

भागूबाईनं खाली ठेवलेल्या भरल्या पाटीकडे बोट केलं. “ती उचल. डोक्यावर घी.”

त्यानं बाह्या सारल्या. पाटी गुडघ्यापर्यंत आली, छातीपर्यंत आली, आणि तिथंच राहिली. वर जाईना, खाली ठेवता येईना, बाटल्या एकीकडे कलायला लागल्या. मागचा त्याचा मित्र सरबताचा ग्लास टाकून धावला आणि त्यानं हात लावला.

“ह्याच्यासाटी,” भागूबाई म्हणाली.